ॲपलचा सगळा भार एका आयफोनवरच आहे का?

दुरुस्तीवाला_सांगली
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दिवाळीत तासगावला दादाकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो आणि विषय निघाला आयफोनचा, कारण पुतण्याला तो हवाय. दादा म्हणाला, "तुझी ती ॲपल म्हणजे आमच्यासारखीच. एक बाग, एक पीक. फुलोऱ्यात एक पाऊस झाला की वर्ष गेलं." मी म्हणालो, त्यांच्याकडे मॅक आहे, आयपॅड आहे, घड्याळ आहे, शिवाय सेवांचे पैसे दर महिन्याला येतात. त्यावर दादा एवढंच बोलला, "बेदाणा म्हणजे वेगळं पीक नव्हे रे."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या टेबलावरचं निम्मं काम आयफोनचं असतं, त्यामुळे प्रश्न माझ्याही पोटाचा आहे. ॲपल एका आयफोनवर गरजेपेक्षा जास्त विसंबून आहे का? ज्यांना आकडे कळतात त्यांनी आकडे सांगा. जे धंद्यात आहेत त्यांनी धंद्यातलं सांगा.

मिरज_जंक्शन
नोकिया ११०० आठवतोय का कुणाला? टॉर्चवाला? तेव्हा कुणी म्हणालं असतं की ही कंपनी फोनच्या धंद्यातून जाईल, तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

जमाखर्च
आकडे मी देतो. ॲपलचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. २०२४ च्या वर्षात एकूण विक्री ३९१ अब्ज डॉलर. त्यात आयफोन २०१ अब्ज, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. सेवा, म्हणजे साठवणूक, ॲप वगैरेंचे पैसे, ९६ अब्ज. घड्याळ, एअरपॉड वगैरे ३७, मॅक ३०, आयपॅड २७ च्या आत.

आता मागे जा. २०१५ मध्ये २३४ अब्जांपैकी १५५ अब्ज एकट्या आयफोनचे होते, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश. पुढच्याच वर्षी आयफोन घसरला आणि सगळी कंपनी २१६ अब्जांवर आली. २००१ नंतर वार्षिक विक्री घटण्याची ती पहिलीच वेळ. नंतर २ जानेवारी २०१९ ला कंपनीप्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीचा अंदाज ८४ अब्जांवर खाली आणला, आधी तो ८९ ते ९३ होता. मुख्य कारण चीनमध्ये आयफोन कमी खपले. दुसऱ्या दिवशी शेअर एका दिवसात दहा टक्क्यांच्या आसपास पडला.

तेव्हा भार आहे, यात वाद नाही. पण दोन तृतीयांशावरून निम्म्यावर आलाय, हेही तितकंच खरं. आणि एका पिकाचीच गोष्ट असेल तर फेसबुकवाल्या मेटाकडे बघा, जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींचं. चिपवाल्या एनव्हिडियाचं जानेवारी २०२५ ला संपलेलं वर्ष घ्या: १३० अब्जांपैकी ११५ अब्ज डेटा सेंटरचे. त्या मानानं ॲपलकडे मिश्र शेती आहे.

अजिंक्यतारा
आमच्या साताऱ्यात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एका कंदी पेढ्यावर दुकानं चालवली. एका मालावर विसंबणं वाईटच असतं असं नाही.

मिरज_जंक्शन
पेढ्याला दर सप्टेंबरात नवं मॉडेल काढावं लागत नाही ना!

अजिंक्यतारा
हे मात्र मान्य :) पण पेढ्याबरोबर साताऱ्याची दुसरी गोष्टही सांगायला हवी. महाराष्ट्र स्कूटर्स. १९७५ मध्ये निघालेली कंपनी, बजाज आणि राज्य सरकारच्या महामंडळाची भागीदारी. माल एकच, प्रिया स्कूटर, तीही बजाजच्या परवान्यावर. आमच्या घरी निळी प्रिया होती. माझे वडील सकाळी तिला आधी डावीकडे कलंडवायचे, मग सरळ करून किक मारायचे आणि दुसऱ्या किकला ती हमखास चालू व्हायची. त्या काळी गाडी नोंदवून वाट बघावी लागायची. मागणीची काळजी कुणाला?

पुढे मोटारसायकली आल्या, बिनगिअरच्या स्कूटर आल्या आणि गिअरची स्कूटरच मागे पडली. माल चांगला होता, कामगार चांगले होते, पण लोकांचं बसायचं वाहनच बदललं. कंपनी आजही आहे, पण तिची खरी किंमत आता तिच्याकडच्या बजाजच्या शेअर्समध्ये आहे. स्कूटरचा धंदा उरला नाही.

म्हणून मला वाटतं, निम्मा की दोन तृतीयांश हा हिशेब दुय्यम आहे. वाहनच बदललं तर काय, हा प्रश्न मोठा आहे.

फोटोवाले
अजिंक्यतारा यांनी माझ्या मनातलं लिहिलं. माझा स्टुडिओ आहे, छत्तीसचा रोल भरलेला जमाना मी पाहिलाय. लग्नात तीन रोल संपले की चौथा काढावा की नाही, हे नवरदेवाच्या मामाला विचारावं लागायचं. रात्री अंधाऱ्या खोलीत रीळ काढताना बोटांना जे कळायचं ते डोळ्यांना कधी कळलं नाही.

कोडॅकचं सगळे सांगतात: १९७५ मध्ये त्यांच्याच इंजिनिअरनं डिजिटल कॅमेरा बनवला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पण शेजारच्या दुकानात जे हिरवे डबे असायचे त्या फुजीचं कुणी सांगत नाही. रोल त्यांचाही संपला. पण रोलच्या थरात कोलॅजन असतं आणि रंग उडू नयेत म्हणून काय करायचं हे त्यांना माहीत होतं. त्या ज्ञानावर २००७ मध्ये त्यांनी चेहऱ्याची क्रीम बाजारात आणली. पडद्यांच्या आत लागणारी फिल्म बनवली, दवाखान्यातल्या यंत्रांत गेले. आज फुजी उभी आहे.

दोघांचं पीक एकच होतं. पण आपल्याला रोल येतो असं कोडॅक धरून बसली, आणि आपल्याला रसायन येतं हे फुजीनं ओळखलं. तेव्हा ॲपलला नेमकं काय येतं, हे आधी ठरवा. मग भार जास्त की कमी ते कळेल.

वाडीकर
फोटोवाले, उत्तम. आमच्या किर्लोस्करवाडीचं हेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर आले. लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत. पण त्यांना नुसता नांगर येत नव्हता, ओतकाम येत होतं. म्हणून कडबा कापायचं यंत्र झालं, उसाचा चरक झाला, पंप झाले.

तंबोरा
मिरजेचं सांगते. माझं सासर सतारमेकर गल्लीतलं. आमच्याकडे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते वाळवून, कापून, दांडी बसवून तानपुरा होतो. एका नगाला महिने जातात. आधी इलेक्ट्रॉनिक पेटी आली आणि आता तर गाणं शिकणाऱ्या मुली मोबाइलवरच तानपुरा लावून रियाज करतात. म्हणजे ज्या फोनवर तुम्ही चर्चा करताय, त्यानं आमचीही थोडी विक्री नेलीय.

पण विकला गेलेला तानपुरा पुन्हा येतो, जवारी लावायला. घोडीवर तार जिथं टेकते तिथं कानसीनं इतकं बारीक काम करायचं की पाहणाऱ्याला काही केल्याचं दिसतही नाही. फक्त आवाज उघडतो. सासरे तार छेडून डोळे मिटून थांबतात, पुन्हा दोन हात मारतात. त्याचे पैसे मिळतात आणि पडत्या काळात त्या पैशांवर घर चालतं. मला ॲपलच्या सेवा म्हणजे जवारीचं काम वाटतं. नवे तानपुरे विकणं आज थांबलं तरी जवारी पुढची दहा-पंधरा वर्षं येत राहील. त्यानंतर मात्र येणार नाही.

जमाखर्च
तंबोरा ताई, फार नेमकं लिहिलंत. एक आकडा जोडतो. २०२४ मध्ये ॲपलला वस्तूंच्या विक्रीत शंभराला सुमारे ३७ ढोबळ नफा सुटला, सेवांत सुमारे ७४. म्हणजे विक्रीत सेवा पावपट असल्या तरी ढोबळ नफ्यात त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात जातो. नुसती विक्री बघून "निम्मा आयफोन" म्हणणारे हे विसरतात. आणि २०१६ मध्ये आयफोन घसरला तेव्हाही सेवा सुमारे २० अब्जांवरून २४ वर गेल्या होत्या. मग हे वेगळं पीक नाही तर काय?

गावभाग_बाई
मी शाळेत शिकवते, धंद्यातलं कळत नाही, पण अनुभव सांगते.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. बोटीत चढताना फोन पाण्यात गेला. घर, कपाट, पुस्तकं सगळ्याचीच वाट लागली होती, पण मी रडले ती फोनसाठी, कारण आईचे शेवटचे फोटो त्यात होते. तिचा आवाज होता, पुरणपोळीचं पुरण किती शिजवायचं ते सांगतानाचा.

पाणी उतरल्यावर भाच्यानं त्याच्या फोनवर माझं खातं उघडून दिलं. सगळं होतं. महिन्याला पंचाहत्तर रुपये कधीतरी चालू केले होते, मला आठवतही नव्हतं. पगार झाल्यावर मी पुन्हा आयफोनच घेतला, वापरलेला. दुसऱ्या कंपनीचा चांगला नवा फोन त्याहून कमी पैशांत मिळत होता. पण आई इकडे होती.

ते पंचाहत्तर रुपये मी आजही भरते. जमाखर्च यांच्या वहीत ते सेवांत जमा होत असतील. पण मी ते भरते म्हणून आयफोन घेते, आणि आयफोन आहे म्हणून ते भरते. हे दोन हिशेब वेगळे कसे?

मिरज_जंक्शन
बाई, यापुढे लिहायला काही सुचत नाही.

दुरुस्तीवाला_सांगली
बाई, महापुरानंतरचे ते दिवस मलाही आठवतात. दुकानात फोन पिशव्यांतून यायचे, आत अक्षरशः कृष्णेचा गाळ. आयफोनच्या खालच्या कडेचे दोन बारीक स्क्रू काढायचे, पॅडवर ठेवून डिंक मऊ करायचा, रबरी कप लावून काच अलगद उचलायची. काच उचलली की आधी वास यायचा. कितीतरी लोकांनी एकच गोष्ट विचारली, "फोन गेला तरी चालेल, फोटो निघतील का?"

होसूरहून
मूळचा इस्लामपूरचा, सध्या तमिळनाडूत होसूरला फोनचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. इथून एक वेगळी बाजू दिसते. एका मालावर भार असला की तो माल कुठे बनतो यावरही तितकाच भार येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधल्या झेंगझोऊच्या, आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉन कारखान्यात करोनाचे निर्बंध आणि कामगारांचा असंतोष यामुळे काम मंदावलं. महागडे प्रो मॉडेल तिथेच जास्त बनत होते. डिसेंबरअखेरच्या तिमाहीत ॲपलची एकूण विक्री ५ टक्क्यांनी खाली आली. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं, आणि माल नाही.

त्यानंतर भारताकडे जोर वाढला. २०१७ मध्ये बंगळूरूत आयफोन एसईच्या जुळणीपासून सुरुवात झाली होती. नरसापूरचा विस्ट्रॉनचा कारखाना २०२३ मध्ये टाटांनी घेतला, श्रीपेरंबदूरला फॉक्सकॉन आहे. आमच्या लाइनवर सांगली-कोल्हापूरची किती पोरं आहेत विचारू नका. तेव्हा आयफोनला सर्दी झाली तर कुपर्टिनोच्या, म्हणजे ॲपलच्या मुख्यालयाच्या, आधी आमच्या मेसमध्ये शिंक येते.

मिरज_जंक्शन
मेसमध्ये भाकरी मिळते का?

होसूरहून
रविवारी आम्हीच थापतो. पीठ गावाकडून येतं.

सोनाका
मी तो दादा. धाकट्यानं धागा पाठवला, सगळा वाचला. टायपिंग मुलगा करतोय.

माझं ओट्यावरचं बोलणं अर्धं होतं, पूर्ण करतो. आमची बाग तीन एकर. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. छाटणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुलोरा येतो. त्या वेळी ढग बसले, पाऊस झाला की डाउनी (बुरशीचा रोग) येते, घड कुजतात, गळ होते. तेव्हा द्राक्षही गेलं आणि बेदाणाही गेला, कारण बेदाण्याला मणी तर पाहिजे ना? हे मी बोललो होतो. बाई म्हणतात तेही हेच आहे.

राहिलेलं अर्धं असं. बाग चांगली आली आणि दर पडला, व्यापारी पाडून मागायला लागला, तर आम्ही माल तोडून रॅकवर टाकतो. वाळतो, प्रतवारी होते, शीतगृहात जातो आणि तासगावच्या सौद्यात दर बघून निघतो. दिवाळीपर्यंत थांबता येतं. त्या वर्षी बेदाण्यानंच आम्हाला तारलेलं असतं. म्हणजे बेदाणा दरापासून वाचवतो, गारपिटीपासून वाचवत नाही.

जमाखर्च साहेबांनी २०१६ चं सांगितलं, तेव्हा दर पडला होता. बेदाणा कामी आला. साताऱ्याच्या पाहुण्यांनी स्कूटरचं सांगितलं, ती गारपीट. तुमच्या कंपनीपुढं कुठलं संकट आहे ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवा.

जमाखर्च
दादा, मी आधी लिहिलेलं "वेगळं पीक" मागे घेतो. तुमची विभागणी जास्त बरोबर आहे. आणि सेवांमधलाही एक मोठा वाटा बघा: सफारीत शोधयंत्र म्हणून गूगल ठेवल्याबद्दल गूगलनं २०२२ मध्ये ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं गूगलविरुद्ध निकाल दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात पैसे द्यायला मुभा राहिली, पण दुसऱ्याला दार बंद करणारे करार चालणार नाहीत असं ठरलं. गूगल हे पैसे देतं ते आयफोन वापरणाऱ्यांपर्यंत पोचण्यासाठीच. म्हणजे तोही बेदाणाच.

अजिंक्यतारा
गारपिटीची शक्यता मला तरी खरी वाटते. उद्या लोक फोन न काढता नुसतं बोलून कामं करायला लागले, चष्म्यातच सगळं दिसायला लागलं, तर? ॲपलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये डोळ्यांवर लावायचा व्हिजन प्रो विकायला काढला, साडेतीन हजार डॉलरचा. तो आयफोनची जागा घेण्याच्या आसपासही नाही. आणि मोटारीचं काम कित्येक वर्षं करून त्याच महिन्यात गुंडाळलं.

फोटोवाले
असहमत. ॲपलनं हे एकदा करून दाखवलंय, हे विसरू नका. २००६ मध्ये तिच्या १९ अब्जांच्या विक्रीत पावणेआठ अब्ज आयपॉडचे होते, म्हणजे ४० टक्के. तेव्हाही लोक म्हणत होते की एका आयपॉडवर चाललंय. पुढच्याच वर्षी त्यांनी आयफोन काढला, ज्यात आयपॉड आतच होता. स्वतःचं चालतं पीक स्वतः मोडलं. कोडॅकला ते झालं नाही. २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड बंद झाला तेव्हा कुणाला पत्ताही लागला नाही.

आणि आयफोनसाठी जी चिप बनवायला शिकले, त्याच विद्येवर २०२० मध्ये मॅकची एम१ चिप आली. रोल आणि रसायन, हाच तो फरक.

वाडीकर
फोटोवाले, पण १९ अब्जांच्या कंपनीनं पीक मोडणं आणि ३९१ अब्जांच्या कंपनीनं मोडणं यात फरक आहे. तीन एकर उपटणं वेगळं, सगळं शिवार उपटणं वेगळं. दोनशे अब्जांच्या बरोबरीचं दुसरं पीक जगात आहे तरी कुठलं?

मिरज_जंक्शन
मी नोकियावरून सुरुवात केली होती, ते नीट लिहितो. नोकियाकडे डझनानं मॉडेलं होती, साध्यापासून महागापर्यंत. त्याआधी तर कागद, रबर, केबल असे धंदे होते, ते १९९० च्या दशकात विकून फोन आणि नेटवर्कवर जोर दिला. फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला गेला. पण कंपनी उरली, नेटवर्कच्या यंत्रांवर. त्यामुळे मला वाटतं, मोठी कंपनी बुडते असं नसतं, लहान होते. शेअरवाल्याला आणि कामगाराला मात्र तो फरक फार मोठा असतो.

होसूरहून
शेवटचं वाक्य आमच्या मेसमध्ये वाचून दाखवलं.

दुरुस्तीवाला_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

हा आठवडाभर टेबलावर आलेल्या आयफोनांची वहीत नोंद ठेवली. जवळपास सगळे ११, १२ आणि १३. कालच कवलापूरचे एक काका ११ घेऊन आले, बॅटरी फुगून काच वर आली होती. नवीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "कशाला? चांगला चाललाय की." बॅटरी बदलली, कडा साफ केल्या, पुन्हा चिकटवला. आता तो आणखी दोन वर्षं निघेल. काका नवा फोन घेणार नाहीत, पण साठवणुकीचे पैसे भरतात, नातवाच्या खेळाचेही भरतात. दादाच्या भाषेत, हा दर पडल्याचा काळ आहे आणि बेदाणा काम करतोय. म्हणून आजच्या पुरतं माझं उत्तर: भार जास्त आहे, पण पेलतोय. गारपीट झाली तर पेलणार नाही, आणि सेवांचा आकडा दाखवून कुणी पेलेल असं सांगत असेल तर ते मला पटणार नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर लॅपटॉपच्या बोर्डाचं काम शिकायला घेतलंय. मायक्रोस्कोप आणलाय. हात अजून थरथरतो, पण जमेल.

दादा, एक विचारायचं राहिलं. तू बागेत काही बदल केलास का?

सोनाका
केला. यंदा छाटणी विभागली. एक एकर सप्टेंबरात धरली, दीड एकर ऑक्टोबरात, अर्धा एकर महिनाअखेरीला. सगळी बाग एकाच वेळी फुलोऱ्यात सापडायला नको. मजूर तीनदा बोलवावे लागतात, औषधाचा खर्च वाढतो, पण पाऊस आला तर एका तुकड्यावर येईल. सोनाका द्राक्ष काढून दुसरं लावायची हिंमत अजून नाही.

जमाखर्च
गंमत म्हणजे ॲपलनंही २०२५ च्या फेब्रुवारीत आयफोन १६ई काढला, नेहमीचा सप्टेंबर सोडून.

सोनाका
मग त्यांच्याकडेही कुणीतरी शेतकरी असणार. धाकट्या, रविवारी ये. पहिल्या एकरात मणी धरलेत, विरळणी चालू आहे. आणि येताना त्या जुन्या फोनची बॅटरी घेऊन ये, पोराला नवा नको, तोच नीट करून दे म्हणतोय.